ती चिमणी नव्हे!

बीदर जिल्ह्याच्या या सीमाभागात, आपल्या शाळेच्या मागील कुंपणापलीकडे जे गायरान पसरले आहे, त्याला आपण सर्वजण 'रिकामी जागा' म्हणतो. मुले तेथे चेंडू खेळतात, मेंढपाळ आपली मेंढरे चारतात, आणि तालुक्याच्या रस्त्याला मिळणारी पायवाट त्यातूनच जाते. या जागेविषयी यंदा एक प्रस्ताव पुढे आला. येत्या पावसाळ्यात शाळेने व गावाने मिळून तेथे ओळीने झाडे लावावीत आणि रिकामी जागा कारणी लावावी, असा तो प्रस्ताव आहे. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. किंबहुना, ज्या सभेत तो मांडला गेला त्या सभेत प्रथम हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आज मात्र माझे मत बदलले आहे. ते का बदलले हे विद्यार्थ्यांपुढे, पालकांपुढे आणि माझ्या सहकाऱ्यांपुढे सरळपणे मांडावे, म्हणून हा लेखप्रपंच.

माझे मत बदलणारी वस्तू मुठीत मावेल एवढी आहे. तिची व माझी ओळख कशी झाली ते प्रथम सांगितले पाहिजे. आणि ते सांगताना माझी एक चूकही कबूल केली पाहिजे.

जानेवारीतील चाचणी परीक्षेत मी आठवीच्या वर्गाला एक सोपा प्रश्न घातला होता : 'आपल्या परिसरातील पाच पक्ष्यांची नावे लिहा.' एका मुलीने कावळा, साळुंकी, होला व बगळा अशी चार नावे लिहून पाचव्या ठिकाणी लिहिले होते : 'आभाळातून खाली पडणारी काळ्या पोटाची चिमणी.' मी तांबड्या शाईने ती ओळ खोडली, वर 'चिमणी' असा शब्द लिहिला आणि अर्धा गुण कापला. पेपर हाती पडल्यावर ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. तिच्या घरी मेंढरे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तीही वडिलांबरोबर माळावर असते. ती म्हणाली, "सर, तुम्ही चिमणी लिहिलंत, पण ती चिमणी नव्हे. मला दुसरा शब्द सुचला नाही म्हणून मी तसं लिहिलं. चिमणी टुणटुण उड्या मारते, ही चालते. चिमणी घरात येते, ही माळ सोडून येत नाही."

"मग ती कोण?" मी विचारले.

"नाव ठाऊक नाही, सर. पण चिमणी नव्हे."

विद्यार्थिमित्रहो, या उत्तराचा मी पुढे पुष्कळ विचार केला. माझ्याजवळ नाव होते, पण ते चुकीचे होते. तिच्याजवळ नाव नव्हते, पण जे होते ते सारे डोळ्यांनी पाहिलेले होते. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यांच्यामधली रेघ तिने अचूक ओढली होती. वर्गात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही रेघ त्या दिवशी एका विद्यार्थिनीकडून शिकावी लागली. मी तिचा अर्धा गुण परत दिला आणि पुढच्या रविवारी उजाडता उजाडता माळावर येईन असे कबूल केले.

त्या रविवारी आम्ही सहाजण एका बांधाच्या आडोशाला बसलो. सूर्य नुकताच वर आला होता. ज्वारीच्या शेतांवरून गार वारा येत होता आणि कुसळीच्या वाळलेल्या गवतावर तिरपे ऊन पडले होते. पंधरा मिनिटे मला काहीच दिसले नाही. मग त्या मुलीने बोटाने दाखवले, तरीही दिसले नाही. अखेर एक ढेकूळ हलले, आणि ते ढेकूळ नसून पक्षी आहे हे ध्यानात आले. तो घरच्या चिमणीहूनही लहान होता. डोके राखेच्या रंगाचे, गाल पांढुरके, पाठ मातकट. आणि हनुवटीपासून पोटापर्यंतचा सारा खालचा भाग काजळासारखा काळा. डोळ्यांतून जाणारी एक काळी रेघही स्पष्ट दिसत होती. तो खरोखरच चालत होता. लहान पावले टाकीत, थांबत, दाणे टिपीत. त्याच्याजवळच दुसरा पक्षी होता, तो नखशिखान्त मातकट. ती मादी. एकटी दिसली असती तर मी तिला पुन्हा चिमणीच म्हटले असते.

इतक्यात नर उडाला. पंख जलद फडफडवीत तो सरळ वर गेला, चांगला ताडाहून उंच. आणि तेथून पंख मिटून दगडासारखा खाली सुटला. आता हा आपटणार असे वाटते न वाटते तोच त्याने पंख पसरले, पुन्हा थोडा वर उसळला, पुन्हा खाली झेपावला; आणि या खाली येण्याबरोबर एक लांबलेली, बारीक शीळ ऐकू आली. असे दोन-चार हेलकावे घेऊन तो एका दगडावर उतरला आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागला. 'आभाळातून खाली पडणारी' हे त्या मुलीचे शब्द किती नेमके होते, ते मला तेव्हा समजले.

ग्रंथालयातील पुस्तक काढून पाहिले. मराठीत या पक्ष्याला 'डोंबारी' हेच नाव आहे! दोरीवर कसरत करणाऱ्या डोंबाऱ्यावरून कोणा अनाम माणसाने हे नाव ठेवले असले पाहिजे, आणि ज्याने ते ठेवले त्याने ती झेप पाहिलेली होती हे उघड आहे. हा पक्षी चंडोलांच्या कुळातला. आपल्या शेजारच्या कन्नड भाषेत चंडोलाला 'नेलगुब्बी' म्हणतात. नेल म्हणजे जमीन आणि गुब्बी म्हणजे चिमणी, जमिनीवरची चिमणी. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि मोहल्ल्यात दखनी बोलणाऱ्या आपल्या मुलांना खरे तर एकाच पक्ष्याची दोन-तीन नावे सहज मिळू शकतात. ही श्रीमंती आहे. परंतु नावाच्या मागे पक्षी उभा नसेल तर नावे पोकळ होतात. भरद्वाज या शब्दाचेच पाहा. संस्कृत कोशांत त्याचा अर्थ चंडोल असा दिलेला आढळतो, आणि हिंदीत चंडोलवर्गातील पक्ष्याला आजही 'भरत' म्हणतात. मराठीत मात्र भारद्वाज म्हटले की तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कावळ्याएवढा पक्षी डोळ्यांपुढे येतो. शब्द एकाकडून उडाला आणि दुसऱ्यावर जाऊन बसला! म्हणून केवळ नाव पाठ केल्याने ओळख होत नाही. पक्षी पाहावा लागतो.

आता कोणी म्हणेल, एक डोंबारी ओळखला, प्रश्न संपला. तसे नाही. पुढील चार-पाच रविवारी आम्हांस कळून चुकले की, ज्यांना आपण सरसकट 'माळावरच्या चिमण्या' म्हणत होतो त्यांच्यात निदान पाच-सहा जातींचे पक्षी मिसळलेले आहेत. डोक्यावर टोकदार तुरा असलेला, अंगाने पिवळसर तांबूस आणि छातीवर मोजक्याच बारीक रेघा असलेला तो तुरेवाला चंडोल. पोट व शेपटी विटकरी रंगाची आणि शेपटीच्या टोकाला काळपट पट्टा असलेला, नांगरटीतल्या ढेकळावर उभा राहणारा, तो दुसरा. झुडपाच्या शेंड्यावरून वर उडणारा, पंख वर उचलून व पाय लोंबते सोडून तरंगत त्याच झुडपावर परतणारा, उडताना पंखांत तांबडा डाग दाखवणारा, तो तिसरा. अंगाने सडपातळ, चोचीने बारीक, सारखी शेपटी वरखाली हलवणारा आणि उडाला की शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसणारा, तो तर चंडोलच नव्हे, ती तिरचिमणी. हिवाळ्यात तिच्याच जातभाई दूरच्या उत्तरेतून येतात आणि तिच्यात अशा मिसळतात की जाणकारही बुचकळ्यात पडतात.

हे सारे पक्षी एकमेकांसारखे का दिसतात, याचे कारण सोपे आहे. माळावर लपायला झाड नाही, ढोली नाही. घरटे जमिनीवर, अंडी जमिनीवर, पिले जमिनीवर. वरून शिकारी पक्षी घिरट्या घालतात, खालून मुंगूस, साप व खोकड फिरतात. अशा ठिकाणी ज्याच्या अंगावर मातीचा रंग आहे तोच टिकतो. म्हणजे आपल्याला तो दिसत नाही हा आपल्या डोळ्यांचा दोष असला, तरी त्याच्या बाजूने ती जगण्याची विद्या आहे. 'तेथे काहीच नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या विद्येचा विजय झालेला असतो. आणि याच विजयामुळे त्याचे घर आज धोक्यात आले आहे.

मग असे पक्षी ओळखावेत कसे? आम्ही ठरवलेल्या साध्या नियमांचा आम्हांला फार उपयोग झाला, म्हणून ते येथे देतो. रंगापासून आरंभ करू नये. सकाळच्या व दुपारच्या उन्हात रंग बदलतो. प्रथम आकार पाहावा : चिमणीहून लहान, चिमणीएवढा, की साळुंकीएवढा? मग चोच : दाणे फोडणारी जाड, की किडे टिपणारी बारीक? मग चाल : उड्या मारतो, की चालतो? मग उडणे : कसा उठतो, कसा उतरतो, उतरताना गातो का? मग जागा : दगडाळ मुरूम, काळे रान, की पाण्याजवळचे ओले गवत? अखेरीस रंग, आणि तोही पोट, पाठ, पंख, शेपटी असा क्रमाने. जे पाहिले ते तेथल्या तेथे वहीत लिहावे. घरी येऊन लिहिलेल्यात पुस्तकातले वर्णन नकळत मिसळते. ओबडधोबड का होईना, चित्र काढावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, खात्री नसेल तेथे नाव न लिहिता प्रश्नचिन्ह घालावे. आमच्या वहीत आज अकरा नावे आणि सात प्रश्नचिन्हे आहेत. मला त्या सात प्रश्नचिन्हांचा अधिक अभिमान वाटतो.

आता तर मोबाईलवर आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवणारी साधने आली आहेत आणि जगभरचे लोक आपल्या नोंदी एका ठिकाणी जमा करतात. या साधनांचा मी विरोधक नाही. परंतु यंत्राने सुचवलेले नाव हे सुचवलेलेच नाव असते. ते खरे की खोटे हे शेवटी ज्याने पक्षी पाहिला त्यालाच ठरवावे लागते. वारा जोराचा असला की आमच्या मोबाईलने दोनदा भलतीच नावे सुचवली. आणि दोन्ही वेळा वडिलांच्या मेंढरांमागे हिंडलेल्या त्या मुलीने मान हलवून 'नव्हे' म्हटले.

आपल्या या भागात पक्षी ओळखण्याचा इतिहास लहान नाही, हेही विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनमधील पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत त्याने वर सांगितलेल्या तुरेवाल्या चंडोलाला शास्त्रीय नाव देताना 'देव' हा आपला शब्द वापरला. आजही जगभरचे अभ्यासक त्या पक्ष्याला 'गॅलेरिडा देवा' म्हणतात. हा पक्षी भारताबाहेर कोठेही आढळत नाही. दख्खनचे पठार हेच त्याचे मुख्य घर. ज्याला जगाने देव म्हणून नोंदले तो आपल्या पायाखाली आहे, आणि आपण त्याला चिमणी म्हणून हाकलतो!

पुढे १९३१-३२ मध्ये डॉ. सालीम अली यांनी त्या वेळच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे दोन्ही जिल्हे त्या संस्थानाचेच भाग होते. या थोर पक्षितज्ज्ञाच्या आयुष्याला वळण लागले तेही एका 'चिमणी'मुळेच. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. त्यांनी मामांना विचारले. मामा शिकारी होते. परंतु उगाच काहीतरी सांगून मुलाची बोळवण करण्याऐवजी त्यांनी आपल्याला ठाऊक नाही असे मान्य केले आणि मुलाला मुंबईला सोसायटीच्या कार्यालयात मिलर्ड साहेबांकडे पाठवले. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातील पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. मामांनी 'चिमणीच ती, दुसरे काय' असे म्हटले असते, तर कदाचित तेथेच सारे संपले असते. तांबड्या शाईने ओळ खोडताना मला या मामांची आठवण व्हायला हवी होती.

आपल्या शेजारच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता रानोमाळ हिंडणाऱ्या लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. विद्वानांच्या ग्रंथांइतकेच मोल त्यांनी पारध्यांच्या, गुराख्यांच्या तोंडच्या शब्दाला दिले, हे विसरता कामा नये.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. आपल्या दक्षिणेस आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्हा आहे. तेथील खुरट्या झुडपांच्या माळावर राहणारा 'जर्डनचा धाविक' नावाचा निशाचर पक्षी १९०० नंतर कोणा अभ्यासकाला दिसलाच नव्हता. तो नामशेष झाला असेच सर्वजण धरून चालले होते. १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांना तो पुन्हा सापडला, आणि तो सापडला तो गावकऱ्यांच्या व पक्षी धरणाऱ्या स्थानिक लोकांच्या मदतीने. अभ्यासकांच्या लेखी जो शेहेऐंशी वर्षे मेलेला होता, तो त्या लोकांच्या परिचयाचा होता! ओळख पटल्यावर मात्र चित्र पालटले. १९८८ मध्ये त्या भागात अभयारण्य झाले आणि पुढे त्याच्या वस्तीतून जाणाऱ्या कालव्याचा मार्गही बदलण्यात आला. पक्षी तोच, माळ तोच; फरक पडला तो नेमकी ओळख पटल्याने. ज्याचे नाव कोणाला सांगता येत नाही, त्याची बाजू कोण मांडणार?

आता मूळ प्रस्तावाकडे वळतो. आपल्या कागदोपत्री गायरान बहुधा 'पडीक' असते. केंद्र शासनाने २००० मध्ये देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात झुडपांची उघडी जमीन व ऱ्हास पावलेली कुरणे यांची गणना पडीक जमिनीतच केली होती. 'पडीक' म्हटले की ती जमीन कशाची तरी वाट पाहत आहे, तिच्यावर काहीतरी उभारले पाहिजे, असे मनात येते. परंतु ज्या प्रदेशात पाऊस बेताचा, माती उथळ आणि खाली कातळ, तेथे गवताचा माळ ही तुटलेल्या जंगलाची उरलीसुरली जागा असते असे समजणे बरोबर नाही. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि अधूनमधून हिवर, बाभूळ, बोर, तरवड हेच या भूमीचे स्वाभाविक वस्त्र आहे. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात व लोकपरंपरेत आलेले वनस्पतींचे उल्लेख तपासून अलीकडे, २०२५ मध्ये, अभ्यासकांनी हाच निष्कर्ष काढला आहे की, हे माळ शेकडो वर्षांपूर्वीही माळच होते. कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे जंगल आहे आणि त्याला अभयारण्याचे संरक्षण आहे, ते योग्यच आहे. जंगलाच्या जागी जंगल असावे. पण म्हणून माळाच्या जागीही जंगलच असले पाहिजे असे होत नाही.

माळावर ओळीने झाडे लावली तर काय होईल? सावलीत गवत खुरटेल. उघड्या आभाळात झेप घेणारा आणि चौफेर दृष्टी ठेवून जमिनीवर अंडी घालणारा पक्षी ती जागा सोडून जाईल. हिवाळ्यात मध्य आशियातून येऊन आपल्या गवतात रात्रीचा मुक्काम करणारे आणि दिवसा नाकतोडे टिपणारे भोवत्या ससाणे उतरायचे थांबतील. मेंढरांचा चारा जाईल, हेही लहान नुकसान नव्हे. माळढोकाची कथा आपल्या डोळ्यांसमोर आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तरीही आज संपूर्ण देशात हा पक्षी दोनशेहूनही कमी उरला आहे. माळढोक एवढा मोठा की तो नाहीसा होऊ लागला तेव्हा निदान लोकांच्या लक्षात तरी आले. डोंबारी नाहीसा झाला तर लक्षात येणार नाही. कारण तो होता हेच आपल्याला ठाऊक नाही.

माझ्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे गृहस्थ झाडांच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. शाळेच्या आवारात कडुलिंब लावावेत, रस्त्याच्या दुतर्फा चिंच व वड लावावेत, विहिरीजवळ आंबा लावावा, शेतांच्या बांधांवर बोर-बाभूळ राखावी. सावलीची जेथे गरज आहे तेथे एक झाड कमी पडू देऊ नये. खड्डे खणायला मी स्वतः कुदळ घेऊन येईन. माझे म्हणणे एवढेच की, पुण्यकर्मदेखील जागा पाहून करावे. तहानेल्याला पाणी देणे हे पुण्य आहे. म्हणून कोणी चुलीत पाणी ओतीत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा. दहावीच्या परीक्षेत डोंबाऱ्यावर प्रश्न येत नाही. मग मुलांचा रविवार कशासाठी घालवावा? त्यांची काळजी मी समजू शकतो. परंतु मला विचाराल तर, या पाच रविवारी मुले जे शिकली ते वर्षभर मी फळ्यावर शिकवू शकलो नव्हतो. अर्धा तास न बोलता एका जागी बसणे. दिसले तेवढेच लिहिणे. दुसऱ्याने वेगळे पाहिले असेल तर त्याचे ऐकून घेणे. आणि ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणणे. पुढे ही मुले डॉक्टर होवोत, तलाठी होवोत, की आपापली शेती करोत. हे चार गुण त्यांच्या उपयोगी पडतील. शिवाय एक गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली. ती मेंढपाळाची मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसे आणि क्वचितच बोले. माळावर मात्र ती आमची शिक्षिका होती. आणि ही गोष्ट वर्गातील इतर मुलांनी मनापासून मान्य केली. ज्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणतच नव्हतो, त्याला त्या दिवशी शाळेत जागा मिळाली.

शेवटी एका सकाळची हकिकत सांगून लेख आवरता घेतो. प्रस्ताव मांडला गेला तेव्हा गायरानाची मोजणी होऊन खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही त्या खुणांमधून परत येत असता पायाजवळून एक मातकट पक्षी उडाला. खाली पाहिले. कुसळीच्या एका बुडख्याच्या आडोशाला जमिनीत वाटीएवढा खळगा होता, आत मऊ गवत होते, कडेला बारीक खडे नीट मांडलेले होते. आणि मध्ये ठिपक्यांची दोन अंडी होती. जवळची चुन्याची खूण तेथून हातभर अंतरावर होती. कोणी काही बोलले नाही. घरट्याला हात न लावता, जवळ काठी न रोवता, आम्ही आल्या पावली मागे सरलो आणि लांबचा वळसा घेऊन शाळेत आलो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. गायरानावरील वृक्षारोपणाचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा. या वर्षात शाळेने 'माळाची वही' सुरू करावी. प्रत्येक ऋतूत, प्रत्येक इयत्तेतील मुलांनी, मेंढपाळांना सोबत घेऊन, तेथे दिसणारे पक्षी, गवते व प्राणी नोंदवावेत, मराठी व कन्नड दोन्ही नावांसह. वर्षाच्या अखेरीस ती वही सभेपुढे ठेवावी. ती वाचल्यावरही गावाला ती जागा रिकामीच वाटली, तर मी माझा विरोध मागे घेईन. परंतु वही न उघडताच खड्डे खणले गेले, तर ती माझ्या तांबड्या शाईसारखीच चूक होईल. आणि खोडलेली ओळ पुन्हा लिहिता येते तसे मोडलेले माळरान पुन्हा मांडता येत नाही.

त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर मी लिहिलेला 'चिमणी' हा शब्द अजून तसाच आहे. त्याच्यापुढे तिने आपल्या निळ्या शाईने, लहान अक्षरांत, दोन शब्द लिहिले आहेत : 'नव्हे. डोंबारी.'